घातलेत, डार्लिंग

नियंत्रण कक्ष
सोमवार, ३ नोव्हेंबर

स.न.वि.वि.

झालेली हकिगत आधी क्रमाने लिहिते. काही चुकलं असेल तर त्या क्रमांकासमोर दुरुस्ती कळवावी.

१. शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला, दुपारी मुख्य लाईनच्या दुरुस्तीचं काम होतं. खाली नियंत्रण कक्षात मी होते, वर डोंगरावरच्या उपकेंद्रात तुम्ही.
२. मी सूचना दिली, "स्विच चार बंद करा." तुम्ही ती शब्दशः परत म्हणालात.
३. मी विचारलं, "हातमोजे घातलेत ना?"
४. तुम्ही म्हणालात, "घातलेत, डार्लिंग."
५. आपला नियम असा आहे की लाईनवर एकाने जे सांगितलं ते दुसऱ्याने शब्दशः परत म्हणायचं. एकही शब्द गाळायचा नाही, आणि मगच पुढचं काम करायचं. मी इथं आल्यापासून हेच करते आहे. त्यामुळे मी म्हणाले, "घातलेत, डार्लिंग."
६. स्पीकर चालू होता. कक्षात माझ्याखेरीज सहा माणसं होती.
७. तुम्ही स्विच बंद केला. काम सुरळीत झालं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत नसेल. पाळीप्रमुख, ज्यांना इथं सगळे मामा म्हणतात, त्यांनी हातातला चहा टेबलावर ठेवला आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून इथं कोणी पेन मागितलं तरी "घे, डार्लिंग" असं उत्तर येतं. मी लक्ष देत नाही.

पण लाईनवरचं सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. मुख्य कार्यालयाने ते ऐकलं आणि मला पत्र पाठवलं. "सदर शब्दास आपली हरकत आहे काय? होय अथवा नाही, २८ नोव्हेंबरपर्यंत कळवावे." होय लिहिलं तर तुमच्या नोकरीच्या नोंदीत शेरा येईल. नाही लिहिलं तर प्रकरण मिटेल.

मला खरं ते लिहायचं आहे. त्यासाठी तुम्ही तो शब्द कोणत्या अर्थाने वापरलात हे समजायला हवं. शब्दकोशात "लाडकी, प्रिय व्यक्ती" असा अर्थ दिला आहे. तो इथं लागू आहे का?

तुमच्याकडे मोबाइलला रेंज नाही, आणि हा विषय लाईनवर काढता येत नाही, म्हणून उद्या सामान घेऊन वर येणाऱ्या गाडीबरोबर हे पत्र देते आहे. शुक्रवारी तीच गाडी खाली येईल. तिच्याबरोबर उत्तर पाठवावं.

कळावे.
नियंत्रण कक्ष, दुपारची पाळी

•

वरचं उपकेंद्र
गुरुवार, ६ नोव्हेंबर

अहो नियंत्रण कक्ष,

नमस्कार. गाडीवाल्याने लिफाफा हातात दिला तेव्हा मला वाटलं, निलंबनाचा हुकूमच आला. पत्ता पट्टी लावून सरळ रेषेत लिहिलेला. असं अक्षर मी फक्त ट्रान्स्फॉर्मरच्या पाटीवर पाहिलंय. गाडीवाला म्हणाला, "साहेब, बसून वाचा." मी बसून वाचलं.

क्रमांक एक ते सात बरोबर आहेत. सहावा मात्र दोनदा वाचला. सहा माणसं! मी तीन-चार धरली होती. आणि त्यात मामा, म्हणजे आता हे माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा निघणार.

आता तुमचा प्रश्न. तोंडातून निघून गेलं हो. इथं बोलायला माणसं कमी, त्यामुळे जीभ सैल होते. जुना ट्रान्स्फॉर्मर जास्त गुणगुणायला लागला की मी त्याला म्हणतो, "काय झालं, डार्लिंग?" थंडीत जीप चालू होत नाही, तेव्हा तिचीही अशीच मनधरणी करावी लागते. एक लंगडा कुत्रा दारात येऊन बसतो, त्यालाही मी हेच म्हणतो. तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आमच्या घरात हा शब्द बाबांनी आणला. एरवी आईला ते "अगं" म्हणायचे. चष्मा हरवला की मात्र, "डार्लिंग, माझा चष्मा पाहिलास का?" आई भाजी चिरता चिरता म्हणायची, "डोक्यावर आहे. आता लाडीगोडी पुरे." चष्मा सापडला की गाडी पुन्हा "अगं"वर. लहानपणी मला वाटायचं, डार्लिंग म्हणजे वस्तू शोधून देणारी बाई.

एक तक्रार माझीही आहे. तुम्ही पत्राची सुरुवात "स.न.वि.वि." अशी केलीत. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. म्हणजे पहिल्याच अक्षरात तुम्ही मला सप्रेम म्हणून मोकळ्या झालात. कोणत्या अर्थाने, असं मी विचारलं का?

हरकत आहे असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा. शेरा तर शेरा. माझ्या नोंदीत कोपरे बरेच रिकामे आहेत.

मामांना सांगा, टाळ्या वरपर्यंत ऐकू आल्या.

तुमचा,
स्विच चारवाला

•

नियंत्रण कक्ष
सोमवार, १० नोव्हेंबर

नमस्कार.

"स.न.वि.वि." ही माझी टंकलेखनातली सवय आहे. या पत्रापासून काढली आहे.

तुमच्या माहितीवरून असं दिसतं की हा शब्द तुम्ही ट्रान्स्फॉर्मर, जीप आणि कुत्रा यांच्यासाठी नेहमी वापरता. त्या यादीत मी चौथी. जे मापक कशालाही लावलं तरी एकच आकडा दाखवतं, ते बिघडलेलं आहे असं आम्ही धरतो. शब्दालाही तेच लागू करते.

तरी खात्री करावी म्हणून चौकशी केली. कँटीनच्या मावशी ज्याला त्याला "काय देऊ, डार्लिंग?" असं विचारतात. गॅसची टाकी आणणाऱ्यालाही विचारतात, आणि टाकी रिकामी निघाली तर त्याच दमात शिव्याही देतात. मामांचं म्हणणं असं की हा शब्द लग्नाआधी वापरला तर धाडस, लग्नानंतर वापरला तर संशयास्पद. मी त्यांना म्हटलं, मला व्याख्या हवी आहे. ते म्हणाले, "पोरी, आपल्याकडे लाईन बंद झाली की अर्थिंग लावतात. तू नुसताच अर्थ लावत बसली आहेस." सगळे हसले. मी हसले नाही, पण वाक्य चांगलं होतं हे मान्य.

आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला आयुष्यात एकदाच डार्लिंग म्हटलं. मी पोळ्या लाटत होते. मी विचारलं, काय हो, ताप आलाय का?" ती खूप हसली. मग म्हणाली, "नंतर कधी म्हणाले नाहीत. तसं विचारायला नको होतं मी."

हे मूळ प्रश्नाशी संबंधित नाही. ऐकलं तसं लिहिलं.

कार्यालयाला "हरकत नाही, कारण शब्दाला विशेष अर्थ नाही" असं लिहिण्याचा माझा विचार आहे. तुमच्या नोंदीतले कोपरे रिकामे राहतील.

आणखी एक. मामांकडून असं कळलं की तुमची वरची तात्पुरती नेमणूक संपते आहे आणि तुम्हाला तिथंच कायमची जागा देऊ केली आहे. हुद्दा वाढेल, राहायला घर मिळेल, आणि होय-नाही तुम्हाला २८ तारखेपर्यंत कळवायचं आहे. तुमच्या पत्रात ट्रान्स्फॉर्मर होता, जीप होती, कुत्रा होता. हे नव्हतं. कळवायलाच हवं होतं असा काही नियम नाही. फक्त नोंद करते.

आज एक परिपत्रक आलं आहे. लाईनवर नियमाबाहेरचा एकही शब्द बोलायचा नाही. मी ते पाळणार आहे.

नियंत्रण कक्ष

•

नियंत्रण कक्ष
सोमवार, १७ नोव्हेंबर

नमस्कार.

शुक्रवारी गाडी आली. रिकामे खोके, गंजलेले बोल्ट आणि तुमच्या जीपचं चाक आलं. पत्र आलं नाही.

बुधवारी वादळी वाऱ्याने वरच्या उतारावर लाईन तुटून पडली आणि तुम्ही सगळे दिवसभर तिच्यामागे होतात, हे मला माहीत आहे. लाईनवर मीच होते. तेव्हा तुमचा आवाज ठीक वाटला. गुरुवारीही ठीक वाटला. फक्त बुधवारी, स्विच चार बंद करायच्या आधी तुम्ही बराच वेळ थांबलात. मला "वर, ऐकू येतंय का?" असं विचारावं लागलं. तुम्ही "येतंय" एवढंच म्हणालात. उतारावर माणसं खोळंबली होती. तुम्ही उगाच थांबणारे नाही आहात.

का थांबलात?

हा प्रश्न कामाचा आहे. उत्तर आलं तर बरं होईल.

नियंत्रण कक्ष

•

वरचं उपकेंद्र
गुरुवार, २० नोव्हेंबर

प्रिय नियंत्रण कक्ष,

मागच्या आठवड्यात मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्यात फार विनोद होते. दुसऱ्यात एकही नव्हता. तिसऱ्यात मी तुमच्यासारखे क्रमांक घातले, आणि दोनवर येऊन अडकलो. तेव्हा हे कसं निघेल तसं वाचा.

बुधवारी मी का थांबलो, ते सांगतो. उतारावर तिघं होते, वारा कानात शिरत होता. तुम्ही म्हणालात, "स्विच चार बंद करा." मी परत म्हणालो. हात पुढे केला आणि थांबलो. कारण त्यानंतर एक वाक्य यायचं असतं. ते आलंच नाही. हातमोजे घातलेले होते हो. दोन्ही हातांत होते, मी बघितले. तरी हात पुढे जाईना. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथं पायरीच नसावी, तसं झालं. मग तुम्ही विचारलंत, ऐकू येतंय का. सगळं ऐकू येत होतं. जे येत नव्हतं त्याचीच वाट बघत होतो.

संध्याकाळी मी नियमांचं पुस्तक काढून बसलो. सूचना द्यावी, परत म्हणावी, स्विच हलवावा. बाकी काही नाही. हातमोजे घालायचे असं लिहिलंय, पण कोणी कोणाला विचारायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. मी रजेवर गेलो की माझ्या जागी जो येतो, तो इथं वादळाच्या कामासाठी आला होता. त्याला सहज म्हटलं, "नियंत्रण कक्षाने हातमोज्यांचं विचारणं बंद केलंय वाटतं." तो म्हणाला, "कोणी विचारणं? मला कधीच नाही विचारलं. त्या बाई माझ्याशी हवामानसुद्धा बोलत नाहीत."

तेव्हा आता खरं उत्तर देतो. पहिल्या पत्रात दिलं ते उडवाउडवीचं होतं.

दोन वर्षं तुम्ही रोज लाईनवर मला काहीतरी म्हणत होतात. त्या शुक्रवारी मी फक्त त्याला उत्तर दिलं. शब्द इंग्रजी का, असं विचाराल. कारण गरम पातेलं कोणी नुसत्या हाताने उतरवत नाही. सांडशी लागते. मराठीत म्हणालो असतो तर माझाच हात भाजला असता, आणि मामा खुर्चीवरून पडले असते ते वेगळंच. परक्या शब्दाची एक सोय असते. अंगावर आलं तर हसून म्हणता येतं, अहो, मी तर कुत्र्यालाही असंच म्हणतो. मी नेमकं तेच केलं. तुमच्या आईच्या गोष्टीतल्या बाबांसारखा मी गप्प बसलो नाही, पण पळालो.

ट्रान्स्फॉर्मरला मी डार्लिंग म्हणतो हे खरं आहे. पण त्याने मला कधी विचारलं नाही, हातमोजे घातलेत ना म्हणून.

आता कायमच्या जागेचं. हो, देऊ केली आहे. घर चांगलं आहे, खिडकीतून सगळी दरी दिसते. मी सांगितलं नाही, कारण तुम्हाला ओळखतो. तुम्ही कागदावर मधोमध रेघ मारून एकीकडे फायदे, दुसरीकडे तोटे लिहून पाठवले असतेत, आणि फायद्यांची बाजू लांब निघाली असती. मग मला इथं राहावंच लागलं असतं. मला तो हिशेब नको होता. दुसरं काही हवं होतं. ते काय, हे मला लिहिता येत नाही, माझं शिक्षण कमी पडतंय असं समजा.

२८ ला मला होय किंवा नाही कळवायचं आहे. तुम्हालाही. काय योग आहे बघा, दोघांच्याही हातात एकेक कागद, आणि दोघंही खिडकीबाहेर बघत बसलोय. म्हणजे मी तरी बसलोय.

तुम्हाला जे खरं वाटेल तेच कार्यालयाला लिहा. माझ्यासाठी एक अक्षरही बदलू नका.

तुमचा,
वरचा

•

नियंत्रण कक्ष
सोमवार, २४ नोव्हेंबर

सप्रेम नमस्कार.

पूर्ण लिहिलं आहे, हाताने. विनंती विशेष खाली येईल.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. त्यातलं विधान तपासल्याशिवाय मान्य करणं मला जमत नाही, म्हणून शनिवारी सुट्टी असूनही कक्षात आले आणि जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली. नदीकाठचं उपकेंद्र, गावाबाहेरचं उपकेंद्र, जुन्या गिरणीजवळचं. सगळीकडे माझा आवाज एकसारखा आहे. सूचना, परत म्हणणं, संपलं. तुझ्या जागी येणाऱ्या माणसालाही तसंच. त्याची तक्रार रास्त आहे. हातमोज्यांचं मी फक्त तुला विचारते. पहिल्या आठवड्यात नाही विचारलं. त्यानंतर एकदाही चुकवलं नाही, परिपत्रक येईपर्यंत.

हे मला माहीत नव्हतं. मी ते सुरक्षिततेसाठी विचारते अशीच माझी समजूत होती. तेही खोटं नाही. पण मग बाकीच्यांचे हात काय लोखंडाचे आहेत?

मामा रविवारच्या पाळीला होते. मी त्यांना निष्कर्ष सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पोरी, हे इथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. आम्हाला वाटलं, तुला कळलंय पण तू दाखवत नाहीस. हुशार मुलगी, आम्ही काय बोलणार?" मग मी विचारलं की त्या दिवशी टाळ्या कशासाठी वाजवल्या. ते म्हणाले, "त्याने म्हटलं म्हणून नाही. तू परत म्हणालीस म्हणून."

मी म्हटलं, मी नियम पाळला. ते म्हणाले, "हो तर. आवाज चढला होता तुझा, नियम पाळताना." तेही ऐकून पाहिलं. चढला आहे.

आतापर्यंत तुझ्या लक्षात आलं असेल की मी "तू" लिहिलं आहे. पहिल्या ओळीत नकळत लिहिलं गेलं. दुरुस्त करणार होते, पण खाडाखोड केलेलं पत्र मी पाठवत नाही, आणि पूर्ण पत्र पुन्हा लिहिलं तेव्हाही तसंच आलं.

कार्यालयाला उत्तर आज सकाळी पाठवलं. "विशेष अर्थ नाही" हे वाक्य काढून टाकलं, कारण ते खोटं ठरलं आहे. जे लिहिलं ते असं आहे. "शब्द नियमाबाहेरचा होता. त्याआधीचा माझा प्रश्नही नियमाबाहेरचा होता. हरकत नाही. मी शब्द परत म्हणाले, ते बरोबर म्हणाले." पाठवण्याआधी इथल्या साहेबांनी मला बोलावून शेवटचं वाक्य गाळायला सांगितलं. मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

आईला काल फोनवर हातमोज्यांचं सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "तू त्याला ताप आलाय का असं नाही ना विचारलंस?" मी म्हटलं, विचारलं, जवळजवळ तसंच. क्रमांक घालून. ती म्हणाली, "मग लवकर दुसरं पत्र लिही. मी तीस वर्षं बोलेन बोलेन म्हणत राहिले." नंतर कळलं, त्या संध्याकाळी तिने बाबांना चहा देताना डार्लिंग म्हटलं. बाबांनी कप खाली ठेवला आणि तिच्या कपाळाला हात लावून बघितला. दोघं हसत होते असं ती म्हणाली. हेही ऐकलं तसं लिहिलं, पण या वेळी संबंध आहे.

आता कायमच्या जागेबद्दल. तुझा अंदाज बरोबर आहे. मी कागदावर मधोमध रेघ मारली. फायद्यांच्या बाजूला हुद्दा, घर, दरीची खिडकी, स्वच्छ हवा आणि कुत्रा आले. ती बाजू लांब निघाली. तोट्यांच्या बाजूला एकच ओळ आहे. "तो तिथं, मी इथं." मला ती एक ओळ जड वाटते. दुसऱ्या बाजूला आणखी काय घातलं म्हणजे पारडी बरोबर होतील, ते मला सुचलं नाही.

तू विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. म्हणून सरळ लिहिते. मला तू खाली हवा आहेस. त्या जागेला नाही म्हण आणि परत ये. तुला खरोखरच ती दरी हवी असेल तर तसं लिही. मग मी इथून वर यायच्या बदलीची चौकशी करीन. तिथं मापकं तपासायला माणूस लागतोच. पण हे तू ठरवायचं आहेस, माझ्या रेघेने ठरवू नकोस.

उद्या, मंगळवारी, गाडी येईल तेव्हा तुला हे मिळेल. त्यानंतर बुधवारी दुपारी आपण लाईनवर असू. मी सूचना देईन, तू परत म्हणशील. परिपत्रक अजून लागू आहे, त्यामुळे मी आणखी काही विचारणार नाही. तू थांबू नकोस. मी विचारलं आहे असं समज.

जे लाईनवर बोलता येत नाही ते इथं बोलते. नियम नेहमीचाच. एकही शब्द गाळायचा नाही.

"हातमोजे घाल, डार्लिंग."

हे शब्दशः परत लिहून पाठव. खाली येणार की नाही तेही त्याच कागदावर लिही. उत्तर शुक्रवारी, २८ नोव्हेंबरला, गाडीबरोबर यावं.